पंचविशीतही मृत्युपत्र: नागपुरात सुरुवात कुठून करायची

मृत्युपत्राचा विषय काढला की उत्तरं दोनच येतात. तरुण पोरगा असेल तर "आत्तापासून कायले?" आणि साठी उलटलेले काका असतील तर "आमच्याजवळ वाटाले हाय तरी काय?" बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षं मी डेथ क्लेमच्या टेबलावर काढली. दोन्ही उत्तरं देणाऱ्या घरांतली माणसं तिथं यायची. प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावलेली पासबुकं, मृत्यूचा दाखला आणि "साहेब, यांनी काय कुठं ठेवलं ते आम्हाला माहीतच नाही" हे वाक्य. पासबुकाच्या पहिल्या पानावर नॉमिनेशनची ओळ असते, मी आधी तीच बघायचो. तिथं नोंद असली की काम काही दिवसांचं. नसली की शपथपत्र, हमीपत्र, सगळ्या वारसांच्या सह्या. आणि त्यातला एक वारस पुण्याला, दुसरा घरच्यांशी बोलत नाही.

ज्यांनी यातलं आजवर काहीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वय अठरा पूर्ण आणि मन ठिकाणावर, एवढ्या दोनच अटींवर कायदा कुणालाही मृत्युपत्र करू देतो. संपत्ती किमान किती असावी याची अट नाही. हे टॅक्स वाचवायचं श्रीमंतांचं काम आहे असंही काहींना वाटतं. पण भारतात वारसाकर १९८५ सालीच रद्द झाला, तेव्हा तो समज बाजूला ठेवू.

१. आधी कायद्यानं तुमच्यासाठी काय लिहिलंय ते बघा

मृत्युपत्र केलं नाही म्हणजे वाटणी अधांतरी राहते असं नाही. कायद्यानं तुमच्या वतीनं एक वाटणी आधीच लिहून ठेवलेली आहे, आणि तुम्ही काही केलं नाही तर तीच लागू होते. ती वाचून पटली तर उत्तम. माझा अनुभव असा की बहुतेकांना ती ऐकून धक्का बसतो.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सगळ्यांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. (बौद्ध कुटुंबांतून "आमचा कायदा वेगळा आहे का" हे मला नेहमी विचारलं जायचं, म्हणून दीक्षाभूमीच्या गावात हे मुद्दाम लिहितो.) आता एकेक माणूस घेऊन बघू.

मिहानमधल्या कंपनीत काम करणारा सव्वीस वर्षांचा अविवाहित मुलगा. आईवडील दोघंही हयात. तो गेला तर त्याची सगळी मालमत्ता आईला मिळते, वडिलांना काहीच नाही. आई पहिल्या वर्गाची वारस, वडील दुसऱ्या वर्गाचे. आणि पहिल्या वर्गात एक जरी माणूस असला तरी दुसऱ्या वर्गाचा नंबर लागत नाही. घर दोघांचं एकच असेल तर फारसं बिघडत नाही. पण आईवडील वेगळे राहत असतील, किंवा मुलाच्या शिक्षणाचं कर्ज वडिलांनी फेडलं असेल, तर बिघडतं.

त्याच मुलाचं लग्न झालं, मूल नाही. आता बायको आणि आई, अर्धं-अर्धं. बेसा रोडला दोघा नवराबायकोनं हप्ते भरून घेतलेला फ्लॅट एकट्या मुलाच्या नावावर असेल, तर सुनेला अर्ध्या फ्लॅटमध्ये सासूची सही लागणार. दोघींचं पटत असलं तरी विकताना, कर्ज काढताना, प्रत्येक वेळी लागणार. मूल झालं की आई, बायको आणि प्रत्येक मूल असे सारखे वाटे पडतात. मूल अज्ञान असेल तर त्याचा वाटा विकायला न्यायालयाची परवानगी लागते, ही गोष्ट फ्लॅट विकायला निघाल्यावरच कळते.

बाईच्या बाबतीत तर हा कायदा नीट दोनदा वाचावा असा आहे. विवाहित बाईनं स्वतःच्या पगारातून मनीषनगरला फ्लॅट घेतला. पुढं नवरा वारला, मूलबाळ नाही. मृत्युपत्र न करता ती गेली, तर तो फ्लॅट तिच्या आईवडिलांना मिळत नाही. तो नवऱ्याच्या वारसांना जातो: सासू असेल तर सासूला, ती नसेल तर सासरे, दीर, नणंद या बाजूला. आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. माहेरून वारसानं आलेली मालमत्ता मात्र अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे एकाच बाईच्या दोन फ्लॅटांची वाट वेगवेगळी. सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये महिलांनी मृत्युपत्र करून ठेवावं असं आवर्जून सांगितलं, ते याच कलमामुळं. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच सांगतो: नवऱ्याचं मृत्युपत्र नंतर, आधी तुमचं.

लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार, जिवलग मित्र: कायद्याच्या वाटणीत यांना जागाच नाही. सावत्र मुलालाही बहुतेक वेळा नाही, आणि जन्मभर सांभाळलेल्या भाचीचा नंबर जवळचे वारस असताना लागत नाही. दत्तक मुलाला मात्र पोटच्या मुलाइतकाच हक्क आहे.

मुस्लिम कुटुंबांत वाटे शरियतप्रमाणे पडतात. कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं, त्यापुढं वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यांच्या बाबतीत लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंच्या बाबतीत तसं होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली आंतरधर्मीय लग्न केलं असेल तर वारसा १९२५ च्याच कायद्यानं ठरतो (हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांनी आपसात केलेलं लग्न सोडून).

२. यादी करा, आणि कागद बाहेर काढा

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम हेच. एक वही घ्या. बँक खाती, एफडी, पोस्टातली खाती, पीपीएफ, ईपीएफचा यूएएन, विमा पॉलिसी, म्युच्युअल फंड, डिमॅट, लॉकर कुठल्या शाखेत आणि चावी कुठं. सोनं किती, त्यातलं गहाण किती. भिशीत किती भरले आणि कुणाकडे आहेत. भिशीचा पैसा बुडतो तो लेखी नसल्यामुळं. हातउसने दिलेले आणि घेतलेले, दोन्ही. कर्जं सगळी. वारसावर बापाचं कर्ज येतं ते वारसानं मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. त्याच्या स्वतःच्या पगारातून वसूल होत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे वसुलीवाल्याच्या फोनला घाबरणार नाहीत. (वारस स्वतः त्या कर्जाला जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी.)

जागेचे कागद काढताना खरी मजा सुरू होते. नागपुरात ले-आउटमधला प्लॉट असेल तर विक्रीपत्र उघडा आणि ही ओळ शोधा: मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा नंबर, प्लॉट नंबर, ले-आउट पाडणाऱ्या सोसायटीचं नाव, चतुःसीमा. त्याच्यासोबत नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, डिमांड भरल्याच्या पावत्या, मनपाची घरटॅक्सची पावती. महाल-इतवारीतलं जुनं घर असेल तर सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका आणि शीट नंबर. नझूलची (सरकारनं पट्ट्यानं दिलेली) जागा असेल तर पट्टा कधी संपतो, नूतनीकरण झालंय का. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर सातबारा आणि आठ-अ.

या टप्प्यावर अनेकांना कळतं की ज्या घरात आपण राहतो ते कागदावर अजून आजोबांच्याच नावावर आहे. मग तुमचं मृत्युपत्र थांबवू नका, पण वारस नोंदीचं काम त्याच आठवड्यात सुरू करा. शेतजमिनीसाठी वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला तरी नोंद होते. राज्य शासनानं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावरून काढून वारसांची लावण्यासाठीच. एवढी नावं तशीच राहिली होती.

आणि हो, आईवडिलांच्या विसरलेल्या ठेवी असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधता येतात. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. पैसे बुडत नाहीत, अर्ज करून मिळतात.

या वहीत पासवर्ड आणि पिन लिहू नका. खातं आहे एवढं लिहा. मोबाईलचं लॉक मात्र घरातल्या एका भरवशाच्या माणसाला माहीत असू द्या, कारण आता निम्मं आयुष्य त्या ओटीपीत अडकलेलं असतं.

३. नॉमिनेशन: एका दुपारचं काम

मृत्युपत्राला वेळ लागेल असं वाटत असेल तर निदान हे तरी आज करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. एकाच वेळी टक्केवारी ठरवून, किंवा एकानंतर एक असे. लॉकरसाठी एकानंतर एक हीच पद्धत. म्युच्युअल फंड आणि डिमॅटला दहा जणांपर्यंत. गाडीच्या आरसीवरही नॉमिनी लावता येतो.

नोकरदारांनी ईपीएफकडे खास लक्ष द्यावं. लग्नाआधी केलेलं ईपीएफचं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द धरलं जातं, आणि नवं करावं लागतं. हिंगणा एमआयडीसीतल्या कितीतरी कामगारांचं नोकरीला लागताना भरलेलं नॉमिनेशन तसंच पडून असतं. यूएएनच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन होतं. आधार जोडलेलं आणि फोटो अपलोड केलेला असला की झालं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या विमा योजनेखाली वारसांना सात लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळते, तीही याच नोंदीवर अवलंबून. ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन वेगळं असतं, ते एचआरला विचारा.

आता गल्लत होते ती इथं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते आणि मोकळी होते. पण त्या पैशांवर हक्क कुणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या बाबतीत हे १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर एक अपवाद झाला: नवरा, बायको, आईवडील किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर रक्कम त्यांचीच होते. सहकारी सोसायटीतल्या फ्लॅटचा नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. प्लॉटला आणि शेतीला तर नॉमिनेशन हा प्रकारच नाही.

म्हणून मोठ्या भावाला "तू सगळं बघशील" म्हणून नॉमिनी करायचं आणि मनात मात्र सगळं बायकोला द्यायचं, असं करू नका. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी शक्यतो एकच ठेवा. दोन ठिकाणी दोन नावं दिसली की तिसऱ्या ठिकाणी वकील लागतो.

४. मृत्युपत्र लिहायला बसा

स्टॅम्प पेपर लागत नाही. नोटरी लागत नाही. वकील लागतोच असंही नाही. साधा ए-फोर कागद, मराठीत, स्वतःच्या हातानं किंवा टाईप करून. कायद्याची खरी अट सहीची आहे: तुम्ही सही करायची, किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघायची, आणि त्यांनी तुमच्यासमोर आपल्या सह्या करायच्या. मृत्युपत्रात काय लिहिलंय ते साक्षीदारांनी वाचायची गरज नाही, अनेकांना हे माहीत नसतं आणि म्हणून ते साक्षीदारच शोधत नाहीत.

साक्षीदार निवडताना दोन गोष्टी बघा. ज्याला काही मिळणार आहे तो, किंवा त्याचा नवरा किंवा बायको, साक्षीदार नको. काही धर्मीयांच्या बाबतीत साक्षीदाराला दिलेलं कायद्यानंच रद्द ठरतं आणि बाकीच्यांच्या बाबतीत संशयाला जागा होते. दुसरं, साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान वयाचा आणि सापडेल असा हवा. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभं राहावं लागतं. बापाच्या वयाचे शेजारी मानाला ठीक आहेत, साक्षीला ऑफिसातला तिशीतला सहकारी बरा.

मजकूर साधारण असा:

"मी, (पूर्ण नाव), वय … वर्षे, राहणार (पूर्ण पत्ता), नागपूर, आज दिनांक … रोजी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे याद्वारे रद्द. माझ्या कुटुंबात … ही माणसे आहेत. माझ्या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी श्री./श्रीमती … यांना व्यवस्थापक नेमत आहे. त्यांना शक्य नसल्यास श्री./श्रीमती … यांना. मौजा …, प.ह.नं. …, खसरा नं. … येथील प्लॉट नं. … व त्यावरील बांधकाम मी … यांना देत आहे. … यांचा मृत्यू माझ्याआधी झाल्यास ते … यांना मिळावे. माझी बँकेतील शिल्लक, ठेवी, फंड व विम्याची रक्कम … यांना. वर उल्लेख नसलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता … यांना."

खाली जागा, तारीख, तुमची सही. आणि त्याखाली साक्षीदारांची नावं, पत्ते, सह्या. प्रत्येक पानावर सही करा, पानांना नंबर घाला. खाडाखोड झाली तर पान नव्यानं लिहा.

यातली दोन वाक्यं लोक हमखास गाळतात. एक, "माझ्याआधी मृत्यू झाल्यास" हे. नवराबायको एकाच गाडीतून समृद्धी महामार्गानं जातात, हे लक्षात ठेवून ते लिहा. दुसरं, "वर उल्लेख नसलेली सर्व मालमत्ता" हे शेवटचं. त्याशिवाय पुढच्या वर्षी घेतलेला प्लॉट मृत्युपत्राबाहेर राहतो.

"माझा प्लॉट तिन्ही मुलांना समान" असं लिहिणाऱ्यांना माझी विनंती: तीस बाय पन्नासच्या प्लॉटचे तीन तुकडे करून बघा, कागदावर. दहा बाय पन्नासची पट्टी. त्यावर ना घर बांधता येतं ना ती विकली जाते. घर एकाला द्या आणि बाकीच्यांना ठेवी किंवा रक्कम द्या. किंवा घर विकून येणाऱ्या पैशांची वाटणी लिहा. किंवा जो राहतो त्यानं बाकीच्यांचा वाटा ठराविक मुदतीत विकत घ्यावा असं लिहा. समान वाटा म्हणजे न्याय असं वाटतं खरं, पण भावाभावांची भांडणं मी जास्त करून समान वाट्यांवरच पाहिली.

वडिलोपार्जित मालमत्तेत तुमचा जो वाटा आहे तेवढाच तुम्ही मृत्युपत्रानं देऊ शकता, अख्खी नाही. आणि मुलींचा त्यात जन्मतः हक्क आहे. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींनी ते पक्कं केलंय. "पोरीला लग्नात दिलं" हे वाक्य मृत्युपत्रात लिहून तिचा वडिलोपार्जित हक्क जात नाही.

लहान मुलं असतील तर मृत्युपत्राचं खरं कारण तेच आहे, मालमत्ता दुय्यम. दोघंही गेलो तर मूल कुणाकडे राहील हे लिहून ठेवा. आईबापांपैकी एक मागं असेल तर पालक तोच. दोघंही नसतील तेव्हा मृत्युपत्रात नेमलेला पालक पुढं येतो. ज्याचं नाव लिहिणार त्याला आधी विचारा. दोन्ही आजी-आजोबांना वाईट वाटेल म्हणून हा विषय टाळणारी जोडपी मला सगळ्यात जास्त भेटली. मूल विशेष गरजा असलेलं असेल तर मात्र साध्या मृत्युपत्रावर भागवू नका; ट्रस्ट आणि पालकत्व यांसाठी वकिलाकडे बसा. दुसरं लग्न, परदेशातले वारस, भागीदारीतला धंदा यांनाही वकील हवाच. सिव्हिल लाईन्सच्या कोर्टाबाहेर टाईप करून मिळणाऱ्या तयार नमुन्यात हे बसत नाही.

नवराबायकोनं मिळून एकच मृत्युपत्र करावं का? मी नको म्हणतो. दोघांची दोन वेगळी करा, मजकूर सारखा असला तरी. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं का, हा प्रश्नच उरत नाही.

५. नोंदणी करावी का?

सक्ती नाही. बिननोंदणीचं मृत्युपत्रही तितकंच कायदेशीर. तरीही नागपुरात जागा असेल तर मी नोंदणी करा म्हणेन, कारण पुढं सिटी सर्व्हेत, नासुप्रत किंवा सोसायटीत नाव लावायला गेल्यावर टेबलापलीकडचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाममात्र आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसह, आधार आणि फोटो घेऊन जायचं. तिथं अंगठा आणि फोटो घेतात. कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर विनंतीवरून अधिकारी घरी येऊ शकतात. तुम्ही हयात असेपर्यंत नोंदणी झालेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्याशिवाय (किंवा तुम्ही नेमलेल्या मुखत्याराशिवाय) कुणाला मिळत नाही, त्यामुळं "पोरांना कळेल" ही भीती नको. कुणालाच कळू नये असं वाटत असेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवायचीही सोय आहे.

वय जास्त असेल किंवा आजारपण सुरू असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा: शुद्धीत आहे, समजून-उमजून सही करत आहे. पुढच्या वादात याचा फार उपयोग होतो. चाळीशीच्या आत हे लागत नाही, तरुणपणी करण्याचा हाही एक फायदा.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याबद्दल, पुष्कळ घबराट असते. प्रोबेटची सक्ती होती ती मुंबईसारख्या शहरांच्या हद्दीतल्या मृत्युपत्रांना आणि मालमत्तांना. नागपुरातल्या घरासाठी नागपुरात केलेल्या मृत्युपत्राला ती नव्हती.

६. जिवंत असताना शुद्ध हरपली तर

मृत्युपत्र मेल्यावर चालतं. त्याआधीचा काळ, म्हणजे अपघात, पक्षाघात, कोमा, याची तयारी कुणीच करत नाही आणि ती पंचविशीतल्या बाईकवाल्याला जास्त लागते.

"आममुखत्यारपत्र केलंय ना, मग झालं" असं ऐकलं की मला धडकी भरते. मुखत्यारपत्र तुमच्या मृत्यूनंतर संपतं, आणि मन ठिकाणावर नसेल तर तेव्हाही संपतं. म्हणजे नेमकं लागतं तेव्हा ते चालत नाही. कोमातल्या माणसाची मालमत्ता सांभाळायला पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यापेक्षा घरखर्चाचं एक खातं जोडीदारासोबत "दोघांपैकी कोणीही" पद्धतीनं ठेवा, त्यात तीन-चार महिन्यांचा खर्च असू द्या, आणि मेडिक्लेमचं कार्ड कुठं आहे ते सांगून ठेवा.

बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर लावत राहायचं की नाही, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय इच्छापत्राला २०१८ मध्ये मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. त्यात तुमच्या वतीनं निर्णय सांगणाऱ्या माणसांची नावं लिहायची. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आपल्याकडे म्हणजे मनपाकडे. हे कागदपत्र मृत्युपत्रात मिसळू नका, मृत्युपत्र उघडेपर्यंत उशीर झालेला असतो.

अवयवदानाचंही तसंच. नागपुरात झेडटीसीसी (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र) हे काम बघतं. कार्ड भरलं तरी शेवटी संमती घरच्यांची विचारली जाते, म्हणून कार्डापेक्षा जेवताना चार वाक्यं बोललेली बरी. देहदान करायचं असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी अर्ज भरून ठेवा.

७. "त्यापेक्षा आत्ताच पोरांच्या नावावर करून टाकतो"

बक्षीसपत्र स्वस्त आहे हे खरं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागू असेल तर तो वेगळा. पण बक्षीस दिलं की तुम्ही त्या घरात पाहुणे. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्र बदलता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस सांभाळ न झाल्यास रद्द करून घेता येतं. पण त्यासाठी उतारवयात पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा. द्यायचंच असेल तर सांभाळाची आणि हयातभर राहण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. स्वतःचं एकुलतं राहतं घर तर देऊच नका, असं माझं मत आहे, कितीही गुणी पोर असलं तरी.

८. ठेवायचं कुठं, बदलायचं कधी

मूळ प्रत घरातल्या कपाटात चालेल, एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायला जे लागतं ते लॉकरच्या आत, अशी गत होते. व्यवस्थापकाला एवढं सांगा की मृत्युपत्र आहे आणि ते अमुक ठिकाणी आहे. मजकूर सांगायची गरज नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत मनपात करायची असते, दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद तिथूनच होते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. प्रत्येक टेबलावर एक लागते.

लग्न, मूल, घटस्फोट, नवा प्लॉट, किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्या कुणाचा मृत्यू: यातलं काहीही झालं की मृत्युपत्र आणि नॉमिनेशन दोन्ही काढून बघा. घटस्फोट झाला म्हणून पॉलिसीतलं जुनं नाव आपोआप निघत नाही. जुन्या कागदावर पेनानं खोडून नवं नाव लिहिलं तर त्या बदलालाही साक्षीदारांसह सह्या लागतात, नाहीतर तो धरत नाहीत. सरळ नवं करा, त्यात जुन्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहून ते रद्द केल्याचं नमूद करा, आणि जुन्याच्या सगळ्या प्रती, झेरॉक्ससकट, फाडून टाका.